आश्रय कोणत्या कलमाखाली?

बर्कलीत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिसरातील एका ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या नोंदी ठेवण्याचे माझे काम एरवी शांतपणे चालते. परंतु त्या दिवशी कायद्याची एक विद्यार्थिनी एकच प्रश्न घेऊन आली आणि सबंध दिवस त्यातच गेला. विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॉलेज ॲव्हेन्यूवर असलेल्या युनिव्हर्सिटी लुथरन चॅपलने आधी खलाशांना आणि पुढे निर्वासितांना जो आश्रय देऊ केला, तो कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, हे तिला प्रबंधासाठी हवे होते.

असे कलम नाही. चर्चमध्ये शिरलेल्या माणसाला पकडायचे नाही हा मध्ययुगीन दंडक इंग्लंडने सतराव्या शतकातच रद्द केला आणि अमेरिकेच्या कायद्याने तो कधी मान्य केला नाही. तरीही नुसता नकार देऊन तिला परत पाठवणे मला बरे वाटेना, म्हणून कात्रणांच्या पेट्या काढल्या.

नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘कोरल सी’ ही विमानवाहू युद्धनौका अलामेडाहून व्हिएतनामकडे निघण्याच्या बेतात होती आणि तिच्यावरच्या शेकडो खलाशांनी जहाज थांबवावे अशा अर्जावर सह्या केल्या होत्या. पाळक गस शुल्ट्झ यांच्या या चॅपलच्या मंडळीने, म्हणजे तेथील उपासकसमूहाने, युद्धावर जाण्यास नकार देणाऱ्यांसाठी चर्चचे दार उघडे असल्याचे जाहीर केले. ८ नोव्हेंबरला बर्कलीच्या नगर परिषदेने त्याला पाठिंबा देणारा ठराव केला आणि आश्रितांच्या तपासात वा अटकेत नगराच्या कर्मचाऱ्यांनी मदत करू नये असेही त्यात बजावले. विद्यापीठातील तरुणांची सेवा करणाऱ्या मंडळीला सक्तीच्या सैन्यभरतीचा प्रश्न टाळणे शक्यच नव्हते, असे मला वाटते.

लुथरन परंपरा राज्यसत्तेचा मान राखण्याबद्दल ओळखली जाते, मग हे कसे, असे त्या विद्यार्थिनीने विचारले. हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटला. १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीचा, म्हणजे लुथरन मताच्या मूळ जाहीरनाम्याचा, सोळावा परिच्छेद मी तिच्यापुढे ठेवला. अधिकाऱ्यांच्या व कायद्यांच्या आज्ञा पाळाव्यात, मात्र पाप करण्याची आज्ञा असेल तर माणसांपेक्षा देवाचे ऐकावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अपवाद मूळ मतातच होता. बर्कलीच्या मंडळीने तो शोधून काढला नव्हता.

दुपारी १९८२ चे कागद निघाले. एल साल्व्हाडोर आणि ग्वाटेमालातील हिंसाचारातून पळालेल्यांचे आश्रयअर्ज सरकार जवळजवळ सरसकट फेटाळत होते. २४ मार्च रोजी, एल साल्व्हाडोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षे झाली त्या दिवशी, या चॅपलसह बर्कली परिसरातील पाच मंडळ्यांनी आणि ॲरिझोनातील टूसानच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने निर्वासितांना उघड आश्रय जाहीर केला. टूसानच्या पाळकांनी तर कायदा मोडत असल्याचे केंद्र सरकारच्या ॲटर्नी जनरलना आधीच पत्राने कळवले होते. लपवाछपवी नसणे हेच या चळवळीचे संरक्षण होते, कलम नव्हे, असे मी तिला सांगितले. टूसानमध्ये खटला होऊन १९८६ साली आठ जण दोषी ठरले, त्यामुळे ते संरक्षण पुरेसे होते असेही म्हणता येत नाही.

न्यायालयातला विजय मात्र वेगळ्या वाटेने आला. चर्चसंघटनांनी सरकारविरुद्ध लढवलेल्या दाव्यात १९९१ साली तडजोड मंजूर झाली आणि या दोन देशांतील लोकांना आश्रयअर्जांची नव्याने सुनावणी मिळण्याचा हक्क मिळाला. तिच्या प्रबंधाला हवे असलेले कायद्याचे टोक तेथे होते. त्या तडजोडीच्या प्रती काढून दिल्या आणि बर्कलीच्या त्या पाच मंडळ्यांनी आश्रयासाठी केलेल्या करारातून उभ्या राहिलेल्या, आजही आश्रयअर्ज दाखल करणाऱ्या ईस्ट बे सँक्चुअरी कव्हेनंट या संस्थेचा पत्ता तिला लिहून दिला.