तुम्ही विचारलंत म्हणून : ते चांगले बूट मी का घालत नाही

‘ताई, तुमच्याकडे हिमालयात नेलेले ते चामड्याचे बूट होते ना? मग हे कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे बूट घालून का चढता?’ हा प्रश्न मला कसारा लोकलमध्ये, गडाच्या पायथ्याशी चहा घेताना आणि आता तर नातेवाइकांच्या लग्नातही विचारला जातो. बहुतेक वेळा ‘हे हलके पडतात’ एवढे सांगून मी विषय बदलते. त्यावरून काहींनी मी फार काटकसरी आहे असे ठरवले, काहींनी मला महागड्या सामानाचा तिटकारा आहे असा समज करून घेतला, आणि एका मुलाने तर माझा दाखला देऊन बर्फातल्या ट्रेकला कॅनव्हासचे बूट नेले. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ते बूट घेणे चुकीचे होते, असे मी कधीही म्हटलेले नाही. ते मी हिमाचलातल्या सार पास या ट्रेकसाठी घेतले होते. कसोलहून चढत जाणारी ती वाट सुमारे १३,८०० फुटांवर खिंड ओलांडते आणि मे महिन्यातही वरच्या टप्प्यात बर्फातून चालावे लागते. आमच्या तुकडीत ज्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते त्यांचे मोजे सकाळीच भिजले आणि खिंडीपाशी पोहोचेपर्यंत त्यांना बोटांची जाणीव उरली नव्हती, तर माझे पाय शेवटपर्यंत कोरडे राहिले. अकरा हजारांहून अधिक किंमत मी दिली होती आणि त्या सकाळी ती मला जराही जास्त वाटली नाही. आजही वाटत नाही.

प्रश्न सह्याद्रीत परतल्यावर सुरू झाला. पहिल्याच पावसाळ्यात मी ते बूट घालून खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेले. अशा बुटांच्या आत एक पातळ पडदा असतो. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते, अशी त्याची रचना असते. मात्र वाफ बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार आणि दमट असते म्हणून. जुलैत घाटमाथ्यावर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा वाफेने जायचे कुठे? शिवाय ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरले, की जो पडदा ते बाहेर अडवणार होता तोच ते आत अडवून धरतो. जवळजवळ दीड किलोची ती जोडी पाणी भरल्यावर किती जड होते, ते पायच सांगतात. कॅनव्हासच्या बुटातही पाणी शिरतेच, पण ते पुढच्या वीस पावलांत निथळते आणि रात्री चुलीजवळ ठेवलेले बूट सकाळी घालण्याजोगे होतात. हिवाळ्यात त्याच चामड्याच्या बुटांत पाय उकडून निघत. म्हणजे आपल्या डोंगरांसाठी ते बूट नव्हतेच, आणि हे मला एका पावसाळ्यात कळले.

मग मी काय केले? आपल्याकडे चांगल्या वस्तूचे जे करतात तेच केले. बूट स्वच्छ पुसले, चामड्याला मेण लावले, आत वर्तमानपत्राचे बोळे घातले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोक्यात ठेवले आणि खोके कपाटाच्या वरच्या कप्प्यात चढवले. पुढच्या हिमालयासाठी. मधल्या वर्षांत आईचे आजारपण आले, नोकरी बदलली आणि पुढचा हिमालय लांबत गेला. डोंबिवलीच्या दमट हवेत ते बूट आठेक वर्षे तसेच राहिले. हयगय म्हणाल तर ती मी केली नव्हती; घरातली दुसरी कोणतीही वस्तू मी इतकी जपली नसेल.

त्यानंतरच्या एका डिसेंबरात आम्ही रतनगड ते हरिश्चंद्रगड हा ट्रेक ठरवला. रतनवाडीहून गड, तिथून कात्राबाईची खिंड, खाली कुमशेत, पुढे पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड. पाठीवर मुक्कामाचे सामान असणार होते, वाट लांब होती, घोट्याला आधार हवा म्हणून मी ते बूट काढले. चामडे नव्यासारखे चमकत होते. वजनाचा विचार मनात आला होता, कारण पायावरचे वजन पाठीवरच्या वजनाच्या कितीतरी पटीने दमवते हे मला माहीत होते, पण घोट्याची काळजी जास्त वाटली.

रतनगडाच्या लोखंडी शिडीवरून उतरताना उजव्या टाचेखाली काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले. खडा अडकला असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. कात्राबाईच्या जंगलात मागून येणाऱ्या मैत्रिणीने विचारले, ‘तुझ्या बुटातून काळे काय सांडते आहे?’ मी पाय उचलून पाहिला तर रबरी तळवा टाचेकडून पूर्ण सुटला होता, आणि तळवा व चामडे यांच्यामधला जो मऊ थर असतो तो चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा बोटाने निघून येत होता. आम्ही नायलॉनच्या दोरीने तळवा बांधला. दोरी कातळावर घासून थोड्याच वेळात तुटली. मग प्रथमोपचाराच्या पेटीतले क्रेप बँडेज गुंडाळले, तेही फाटले. खिंडीत पोहोचेपर्यंत डाव्या बुटाचाही तळवा गेला. आता माझ्या पायात तळवा नसलेले चामडे होते, आणि समोर कुमशेतकडे उतरणारा मुरमाड घसारा.

आमच्याबरोबर रतनवाडीचा वाटाड्या होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने खाली बसून बुटांकडे पाहिले आणि काही न बोलता आपल्या पायातल्या टायरच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी नको म्हटले. तो म्हणाला, ‘ताई, मला सवय आहे, तुम्हाला नाही.’ मी पुन्हा नको म्हटले. तेव्हा तो वाट बघत न थांबता पुढे चालू लागला, आणि चपला तिथेच राहिल्या. मी त्या घातल्या.

ही गोष्ट मी कोणाला का सांगत नाही, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. बूट मोडल्याचे मला दुःख नाही, वस्तू मोडतात. पण अकरा हजारांचे बूट घेणारी मी त्या माणसाच्या चपला घालून उतरले आणि तो तीक्ष्ण मुरमावरून, करवंदीच्या काट्यांतून अनवाणी चालला. ‘सवय आहे’ हे खरेही असेल. पण दगडाची धार सवयीच्या पायालाही लागते. कुमशेतला पोहोचल्यावर त्याच्या टाचेत काटा मोडलेला दिसला, आणि तो त्याने बाभळीच्या काट्यानेच काढला. ठरलेल्या पैशांहून अधिक दिले तर त्याने वरचे परत केले. नंतर त्याच्यासाठी चांगले बूट पाठवले, ते त्याने ठेवून घेतले एवढेच मला कळले. तेवढ्याने हिशेब मिटला असे मला वाटत नाही. दुसरीकडे, मी चपला नाकारून पाय फाडून घेतले असते तर पुढे सगळ्या गटाला मला उचलून न्यावे लागले असते, आणि त्यातही सर्वांत जास्त भार त्याच्याच खांद्यावर आला असता. हे दोन्ही युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केले आहेत. दोन्ही खरे वाटतात.

ट्रेक अर्थातच तिथे संपला. आम्ही राजूरमार्गे परतलो. डोंबिवलीतल्या मोचीने बूट हातात घेऊन सांगितले की शिवायला धरायला काही उरलेलेच नाही. कारण मला नंतर नीट समजले. मधला तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा असेल तर ही क्रिया वेगाने होते आणि बूट पायात असोत वा कपाटात, ती थांबत नाही. बंद पिशवीत कोंडलेला ओलावा तिला मदतच करतो. नियमित वापरात चालण्याच्या दाबाने थरातला ओलावा बाहेर पडतो, म्हणून घातलेले बूट जास्त टिकतात, असे काही उत्पादकच सांगतात. म्हणजे ज्या पिशवीने मी ते जपले, तिने त्यांचा घात केला.

यावर माझ्यातली बूट विकत घेणारी ती तरुण मुलगी मला विचारते, ‘मग मी ते रोज घालायला हवे होते का? आपल्या डोंगरांत ते निरुपयोगी आहेत असे तूच म्हणतेस.’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. घातले असते तर पावसाळ्यात हाल झाले असते, ठेवले तर तळवे गेले. आणि दुकानात मला कोणी सांगितले नाही की या वस्तूला आयुष्य असते; विकणाऱ्याने ते सांगायला हवे होते, हा माझा राग अजून आहे.

तेव्हा कृपा करून माझ्या कॅनव्हासच्या बुटांवरून सिद्धान्त बांधू नका. शेवाळलेल्या ओल्या कातळावर तेही घसरतात, त्यांत घोट्याला आधार नसतो आणि बर्फात ते नेऊच नयेत. तुमच्या घरी खोक्यात ठेवलेले जाड तळव्याचे बूट असतील तर निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी बाहेर काढा. मधल्या थरावर अंगठा दाबून पाहा, बारीक चिरा दिसतात का पाहा, बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर उत्पादनाचे वर्ष छापलेले असेल तर वाचा, आणि सामान भरलेली सॅक पाठीवर घेऊन ते घालून घराजवळच एक-दोन दिवस चाला.

माझ्या भावाची मुलगी येत्या मे महिन्यात हिमालयात जाणार आहे. मी म्हणते, तिथे भाड्याने मिळतात ते बूट घ्यावेत, एका ट्रेकसाठी एवढा खर्च करू नये. भाऊ म्हणतो, दुसऱ्याच्या पायाला सरावलेले बूट घालून बर्फात जायचे म्हणजे पहिल्या दिवशीच फोड यायचे, आणि ते बूट किती जुने आहेत हे तरी कोणाला माहीत? त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. माझे त्यालाही पूर्ण पटलेले नाही. बूट अजून घेतलेले नाहीत.