बुवांची खुकुरी, तिच्यावरचं जुनं राजचिन्ह आणि दसैंच्या आधीची साफसफाई

लग्नानंतर मी नेपाळमध्ये धरानला राहते. सासऱ्यांना इथे बुवा म्हणतात आणि ते मला नानी, म्हणजे पोरी, म्हणतात. ते सरकारी नोकरीतून रिटायर झाले तेव्हा त्यांना एक खुकुरी, म्हणजे इथला बाकदार सुरा, भेट मिळाली होती. चामड्याचं दाप म्हणजे म्यान, म्हशीच्या शिंगाची मूठ आणि दापावर पितळेचं नेपाळचं जुनं राजचिन्ह. यंदा पावसाळा संपता संपता त्यांनी ती ट्रंकेतून काढली आणि माझ्यासमोर ठेवली, म्हणाले "दसैंच्या आधी हिला बघ नानी, आता माझे हात थरथरतात". दसैं म्हणजे इथला दसरा. मला भरून आलं, कारण ही वस्तू ते दुसऱ्या कोणाच्या हातात सहसा देत नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी मला दाप धरायला शिकवलं. बोटं पाठीच्या बाजूने ठेवायची, धारेच्या बाजूला बोटांचा विळखा घालायचा नाही, कारण चामड्याच्या आतलं लाकूड जुनं झालं की उपसताना पातं म्यान चिरून बाहेर येऊ शकतं. आणि पुण्याहून फोन आला की हमखास विचारतात ते पण सांगून टाकते, एकदा उपसली की रक्त लागल्याशिवाय परत म्यानात घालायची नाही असं काही नसतं. इथे खुकुरीने लाकडं फोडतात, बांबू तासतात, मटण कापतात, रोजचं हत्यार आहे ते.

आता अवस्था. पात्यावर तांबूस गंज होता, सगळ्यात जास्त मुठीजवळच्या काउडीत, म्हणजे ती जी छोटी खाच असते ना तिच्यात, कारण तिथे ओल साचते आणि फडकं पोचत नाही. याचं मूळ कारण म्हणजे खुकुरी वर्षानुवर्षं म्यानातच पडून होती. चामडं कमावताना टॅनिन वापरतात, ते आम्लधर्मी असतं, त्यात धरानचा पावसाळा, मग हाय कार्बन स्टील गंजणारच की. म्यान हे नेण्या-आणण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही, हे मी आता घरातल्या सगळ्यांना सांगत सुटलेय.

शेजारचे एकजण म्हणाले ग्राइंडरवर धरा, पाच मिनिटात लख्ख. मी साफ नाही म्हटलं. ही पाती बहुतेक ट्रकच्या जुन्या कमान पाट्यांपासून बनतात आणि लोहार शेवटी तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडतो, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते म्हणून घाव घातला तरी तुटत नाही. ग्राइंडरच्या उष्णतेने तो कडकपणा उतरला तर परत आणता येत नाही घरी. मी रॉकेल लावून ठेवलं, मग अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासलं, काउडीत बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळून. काळपट डाग राहिले ते राहू दिले, गंज थांबला की काम झालं, आरसा करायचा नव्हता. सोबतची दोन छोटी पाती, कर्दा म्हणजे छोटी सुरी आणि चकमक म्हणजे धार लावायचं बोथट पातं, तीही अशीच पुसली. मूठ पाण्यात बुडवायची नाही आणि उन्हातही ठेवायची नाही, कारण आत पात्याचं शेपूट लाखेसारख्या डिंकाने बसवलेलं असतं, गरम झालं की ढिलं होतं. शिंगाला नुसता तेलाचा हात फिरवला.

पण सगळ्यात जास्त जीव लावला तो चिन्हावर. वर श्रीपेच म्हणजे राजाचा मुकुट, गोरखनाथांच्या पादुका, एकमेकांवर तिरप्या खुकुऱ्या, हिमालय, गाय, डांफे पक्षी, दोन बाजूंना दोन सैनिक, एकाकडे धनुष्यबाण आणि दुसऱ्याकडे बंदूक, आणि खाली "जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी". ही ओळ 2006 च्या नवीन चिन्हातही कायम ठेवलीये, बाकी बरंचसं बदललं, 2008 ला तर राजेशाहीच संपली. पितळ कळकलेलं होतं आणि कडेने हिरवट मेणासारखं काहीतरी जमलेलं. ते म्हणजे चामड्याला लावलेल्या तेलातली स्निग्ध आम्लं आणि पितळेतलं तांबं यांचं मिळून झालेलं असतं, म्हणजे जितकं प्रेमाने तेल लावाल तितकं ते वाढतं!

आईने फोनवर चिंच-मीठ सुचवलं, समईला आपण तेच करतो. इथे ते चालणार नव्हतं, आंबट पाणी चामड्यात मुरतं आणि सैनिकांचे चेहरे आधीच इतके झिजलेत की अजून एकदा घासले तर सपाट होतील. अमोनियावालं पॉलिश पण नको, त्याने जुन्या पितळेला तडे जाऊ शकतात. मी चिन्हाच्या कडेखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवला, बांबूच्या टूथपिकने हिरवं खरवडून काढलं, मग कापसाच्या बोळ्यावर थोडंसं स्पिरिट, बास. अक्षरांच्या खाचेतली मळी निघाली आणि "गरीयसी" मधला री दिसायला लागला तेव्हा बुवा चष्मा लावून जवळ येऊन बसले. पितळ तपकिरीच ठेवलंय, वर काहीही लावलं नाही. चामडं कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवलं, तेल लावलं ते चिन्हापासून लांब आणि अगदी नावापुरतं.

पुतण्या म्हणत होता की राजा गेला, आता नवीन चिन्ह बसवून घेऊ, बाजारात मिळतं. मला ते अजिबात पटलं नाही. बुवांनी ज्या देशाची नोकरी केली त्याचं चिन्ह त्या काळी हेच होतं, आणि राजेशाही हवी की नको हा प्रश्न या पत्र्याला विचारण्यात अर्थ नाही. बुवांनीही मान हलवली, विषय संपला.

नवमीला इथे हत्यारांची पूजा असते, आपली खंडेनवमीच. टिका म्हणजे टिळा दही-तांदळाचा, म्हणून तो पात्याला न लावता मुठीला लावला आणि पूजा झाल्यावर लगेच पुसून घेतला. पात्याला मोहरीचं तेल लावायची पद्धत आहे पण ते काही महिन्यांनी चिकट होतं, म्हणून मी शिलाई मशीनचं तेल लावलं. आता पातं सुती कापडात, दाप वेगळं, दोन्ही लाकडी कपाटात वरच्या खणात, आणि पुढच्या पावसाळ्यात दर महिन्याला उघडून काउडी बघायचं काम माझ्याकडे.