पोर्तुगीज गोव्याची नाणी: एस्कुदोचं पान भरलं एकदाचं

मंडळी, बरेच दिवस अपडेट नव्हता. पोर्तुगीज इंडियाच्या अल्बममधलं शेवटचं पान, म्हणजे १९५८ पासूनची एस्कुदोवाली नाणी (एस्कुदो हे पोर्तुगालचं चलन, १०० सेंटाव्हचा एक एस्कुदो), शेवटी भरलं. ३० सेंटाव्हचं तेवढं अडून बसलं होतं, तेही आलं, व्हीएफच्या (व्हेरी फाइन, म्हणजे थोडं झिजलेलं पण चांगलं) आसपास, कडेला जरा ठोका आहे पण चालतंय.

आता हा सेट ओळीने लावून बघा. १० सेंटाव्ह, ३०, ६०, १ एस्कुदो, ३ आणि ६. पोर्तुगालात अडीच, पाच, दहा असे एस्कुदो चालायचे, मग गोव्यातच हे तीन आणि सहा कुठून आले? कारण साधं आहे, चलन बदलताना १ रुपिया (गोव्याचा आधीचा पोर्तुगीज रुपया) म्हणजे ६ एस्कुदो असा दर धरला. म्हणजे ६ चं नाणं आपला रुपया, ३ चं आठ आणे, ६० सेंटाव्ह दहा नये पैसे आणि ३० म्हणजे पाच नये पैसे! गंमत बघा, १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केलेली, व्यापार ठप्प, लिस्बनने रुपियाच काढून टाकला, आणि तरी बाजारातला हिशोब काही सुटला नाही. १९५९ च्या नोटांवरपण तेच, ३०, ६०, ३००, ६०० एस्कुदो. नोटांचे भाव मात्र विचारू नका.

म्हणून मी अल्बम राजांच्या क्रमाने लावायचं सोडून हिशोबाच्या पद्धतीने लावायला घेतलाय. सगळ्यात आधी बझारुक (अगदी कमी किमतीचं जुनं नाणं), मग झेराफी (चांदीचं जुनं नाणं) आणि जुना रुपिया, मग १८८१ चा बदल. हा बदल माझ्या मते सगळ्यात मजेशीर. आधी ६० रेइसचा तांगा आणि १० तांग्यांचा रुपिया. मग १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि नवी नाणी चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली, रुपियाचं वजन ब्रिटिश रुपयाएवढंच, ११.६६ ग्रॅम. तांगा ६० रेइसचाच राहिला पण रुपियात आता १६ बसायला लागले, म्हणजे तांग्याचा आणा झाला. लुईस राजाचा पाव तांगा आणि इंग्रजांचा पाव आणा हातात शेजारी शेजारी धरले तर डोळे मिटून फरक सांगता येणार नाही.

माझा १८८६ चा पाव तांगा भिंगाखाली बघितला तर राजाच्या कानावरचे केस झिजून सपाट झालेत, पण दाढीच्या खाली जिथे बोट पोचत नाही तिथे तांब्याचा मूळ लालसर रंग अजून आहे. कृपया असल्या नाण्याला चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका!! डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, बस. पीव्हीसीची पाकिटंपण फेकून द्या, हिरवा चिकट थर धरतो.

रुपियाच्या पानात १९३५, १९४७, १९५२ ओळीने लावलेत. पहिला चांगल्या चांदीचा, दुसऱ्यात चांदी निम्मी, तिसरा सरळ कॉपर-निकेल. टेबलावर टाकून आवाज ऐकला तरी कळतं. १९१२ चा, रिपब्लिकवाला (पोर्तुगालातली राजेशाही गेल्यानंतरचा), अजून नाही. दोनदा समोर आला, एकदा वजन कमी भरलं आणि एकदा कडेवर ओतकामाची शिवण दिसत होती, दोन्ही नकली वाटले, सोडले. वजनकाटा खिशात ठेवाच राव.

बझारुकचं पान जवळपास रिकामं आहे. तांब्याचे मिळतात, कथलाचे मिळतात तेव्हा इतके खाल्लेले असतात की क्रॉस कुठला आणि खड्डा कुठला कळत नाही. कोणाकडे चाकाचं चिन्ह बऱ्यापैकी दिसणारा बझारुक असेल तर फोटो टाका, माझ्याकडे ६० सेंटाव्हचा डुप्लिकेट आहे, अदलाबदल करू.