आमची वाटचाल : काकी बुकितचा गाळा आणि चार आकडी कोड

2003 साली सिंगापूरच्या काकी बुकित औद्योगिक वसाहतीत आम्ही एक गाळा भाड्याने घेतला. मी, माझी पत्नी, एक मदतनीस आणि एक जुनं क्रिम्पिंग मशीन. काम एकच. हायड्रॉलिक होज (यंत्रात दाबाखालचं तेल नेणारी रबरी नळी) मापात कापायचा, दोन्ही टोकांना स्टीलची फिटिंग दाबून बसवायची, तेलाच्या दाबाखाली तपासायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. असा एक होज फुटला की अख्खी क्रेन जागच्या जागी थांबते, त्यामुळे आमच्या धंद्यात घाई रोजचीच. होज इटलीहून यायचा, फिटिंगही तिकडचीच.

भारतात मी खरेदी विभागात होतो. परदेशी माल म्हटलं की आधी ड्यूटीचा हिशेब मांडायची सवय. इथे पहिल्या खेपेच्या कागदांवर ड्यूटीच्या रकान्यात शून्य पाहिलं आणि काहीतरी चुकलंय असं वाटून मी एजंटला फोन केला. कस्टम्सचे कागद करणारे ते वयस्कर गृहस्थ, त्यांना सगळे अंकल म्हणतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की मद्य, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम पदार्थ सोडले तर इथे आयातीवर ड्यूटी नसते. जीएसटी तेवढा भरायचा. परवानाही संगणकावरच, 1989 पासून चालू असलेल्या ट्रेडनेटवर.

हे असं का, ते समजून घ्यायला मला काही वर्षं लागली. 1819 मध्ये इंग्रजांनी इथे ठाणं वसवलं ते करमुक्त बंदर म्हणूनच. पण 1960 च्या दशकात या देशानेही संरक्षक ड्यूटी लावून पाहिली होती. मलेशियाबरोबर सामाईक बाजारपेठ होईल, तिच्यासाठी इथे कारखाने उभे राहतील, हा त्यामागचा हिशेब. 9 ऑगस्ट 1965 ला दोन्ही देश वेगळे झाले आणि ती बाजारपेठ हातची गेली. एवढ्याशा बेटावरच्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर कारखाना चालत नाही. मग संरक्षण हळूहळू काढून घेतलं गेलं आणि जगाला माल विकतील अशा परदेशी कंपन्यांना बोलावणं धाडलं. आज देशाचा एकूण व्यापार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे तिप्पट भरतो. इथली मध्यवर्ती बँकसुद्धा व्याजदराऐवजी सिंगापूर डॉलरच्या विनिमय दराकडे बघून धोरण आखते, 1981 पासून. जे काही विकत घ्यायचं ते बाहेरूनच येतं, तर महागाईही तिथूनच येणार.

मला खरा प्रश्न पडायचा तो वेगळा. ज्याची ड्यूटी आधीच शून्य आहे, तो व्यापार कराराच्या वाटाघाटीत समोरच्याला देणार काय? मोठा देश म्हणू शकतो, तुम्ही इतकी कमी करा, आम्ही तितकी करतो. सिंगापूरकडे ते नाणंच नाही. म्हणून तो आजचं शून्य उद्याही शून्यच राहील असं लिहून देतो. सेवा क्षेत्र, गुंतवणूक, सरकारी खरेदी, बौद्धिक संपदा यांची दारं उघडतो. च्युइंगगमचं उदाहरण इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 1992 पासून त्याच्या आयातीवर बंदी होती. अमेरिकेबरोबरचा करार 2004 मध्ये लागू झाला, त्याच सुमारास औषधी च्युइंगगमला सूट मिळाली. एवढी बारीक गोष्टही वाटाघाटीत येते.

जागतिक व्यापार संघटनेची पहिली मंत्री परिषद 1996 मध्ये इथेच भरली. पण 1999 ला सिएटलची परिषद फिसकटली आणि सगळ्यांचा मिळून करार कधी होईल याची वाट पाहणं परवडेनासं झालं. मग न्यूझीलंडशी करार (2001 पासून लागू), अमेरिकेशी, 2005 मध्ये भारताशी, अशी मालिकाच सुरू झाली. सुट्या करारांनी जागतिक व्यवस्था खिळखिळी होते, ही टीका तेव्हाही होत होती आणि ती अगदीच चूक नाही. तरी लहान देशाने एकाच रांगेत उभं राहू नये असं माझं ठाम मत आहे. ब्रुनेई, चिली, न्यूझीलंड आणि सिंगापूर या चौघांच्या छोट्या करारातून पुढे पॅसिफिकचा मोठा करार आकाराला आला. 2017 मध्ये अमेरिका त्यातून निघून गेली, पण उरलेल्या अकरा जणांनी बैठक मोडली नाही. 2018 च्या डिसेंबरात करार लागू झाला.

या सगळ्याचा अर्थ मला 2011 मध्ये स्वतःच्या खिशातून कळला. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या एका गिऱ्हाइकाला आम्ही मोठी खेप देणार होतो. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची संघटना, तिच्या करारात ड्यूटी माफ, या समजुतीने मी भाव देऊन बसलो. होज तयार, खोकी बांधलेली. फॉर्म डी, म्हणजे मालाच्या उगमाचं प्रमाणपत्र, त्याच्यासाठी खर्चाचं विवरण भरायला बसलो आणि तिथे अडलो. आसियानचा सर्वसाधारण नियम असा: एक तर बाहेरून आलेल्या कच्च्या मालाचा चार आकडी कोड (कस्टम्सच्या वर्गवारीतल्या लांब कोडाचे पहिले चार आकडे) तयार मालात बदलला पाहिजे, नाहीतर किमतीत आसियानचा वाटा किमान 40 टक्के हवा. फिटिंगचा कोड 7307, तो बदलत होता. होजचा मात्र 4009. फिटिंग लावल्यावर पूर्ण कोडातला शेवटचा आकडा बदलतो, पहिले चार तेच राहतात. म्हणजे आमचं कापणं, दाबणं, तपासणं, कशानेच तो इटालियन होज सिंगापूरचा होत नव्हता. मूल्याचा वाटा काढला, 31 टक्के भरला. अंकलनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "माल कुठून निघाला ते कुणी विचारत नाही. कुठे बनला ते विचारतात."

ड्यूटीचा फरक आम्ही सोसला. शब्द दिला होता.

त्यानंतर वर्षभर मी होजचे नमुने गोळा करत फिरलो. शेवटी मलेशियातला एक कारखाना सापडला. त्याचा होज त्याच्या स्वतःच्या फॉर्म डीसह येतो, आणि आसियानमधला कच्चा माल आपल्याच वाट्यात धरता येतो. सहा महिने आम्ही तो दाबाच्या चाचणीवर फोडत बसलो, तेव्हा कुठे गिऱ्हाइकांना दाखवायचा धीर झाला. इटलीचा मालही ठेवला. काही जहाजांवर तोच चालतो, आणि एकाच पुरवठादारावर विसंबून राहणं मला जमत नाही.

दोन दोऱ्या हाताशी असल्याचा उपयोग 2020 मध्ये झाला. मार्चमध्ये मलेशियाने माणसांची ये-जा बंद केली, पण मालाच्या लॉऱ्या वुडलँड्सच्या पुलावरून येत राहिल्या. एप्रिलमध्ये सिंगापूर आणि न्यूझीलंडने अत्यावश्यक मालावर निर्यातबंदी न घालण्याचा जाहीर शब्द एकमेकांना दिला. ज्याच्याकडे स्वतःचं पिकत नाही, त्याला असा शब्द धान्यासारखा साठवावा लागतो.

शब्द मोडतोही. 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने इथल्या मालावर 10 टक्के आयात शुल्क लावलं, वीस वर्षांहून जुना करार असताना. सिंगापूरने उलट शुल्क लावलं नाही. मला आधी राग आला, पण लावलं असतं तर तो खर्च आमच्यासारख्यांच्याच बिलात आला असता. इथूनच अमेरिकेला यंत्रं पाठवणाऱ्या आमच्या एका गिऱ्हाइकाने त्या महिन्यात ऑर्डर निम्मी केली. आम्ही व्हिएतनाम आणि फिलिपिन्सकडे वळलो.

परवा हो ची मिन्हची पहिली खेप निघाली. आदल्या रात्री पत्नीने खर्चाचं विवरण तीनदा तपासलं. वाटा 46 टक्के निघाला. मग तिने तो कागद फाइलला लावला आणि मी गाळ्याचं शटर ओढलं.