अंगाच्या साबणाची वडी काट्यावर ठेवली तेव्हा

आमच्या घरी माणसं चार आणि अंघोळीला बोअरचं जड पाणी. महिन्याला चार वड्या ठरलेल्या. परवडतं म्हणून मी वर्षानुवर्षं एकच साबण आणायची. तो खरंच परवडतो का, हे उन्हाळ्यात एकदा नीट तपासायचं ठरवलं.

नेहमीची वडी १०० ग्रॅमची, २२ रुपयांची. सोबत तेवढ्याच वजनाची ४० रुपयांची एक आणली आणि ७५ ग्रॅमची पारदर्शक, ६५ रुपयांची. वेष्टनं मुद्दाम जपून ठेवली. ४० रुपयांच्या वडीवर बारीक अक्षरांत ‘ग्रेड १, टीएफएम ७६%’ होतं. टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश. भारतीय मानकात टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडला तो किमान ७६ टक्के लागतो, दुसऱ्या ग्रेडला ७० आणि तिसऱ्या ग्रेडला ६०. माझ्या नेहमीच्या वडीवर मात्र ‘बेदिंग बार’ लिहिलेलं. त्यात ४० टक्के असला तरी चालतो. इतकी वर्षं मी ते वाचलंच नव्हतं.

एक वडी संपल्यावरच दुसरी काढायची आणि चौघांनी तीच वापरायची, असा नियम केला. पहिल्यांदा संध्याकाळी वजन केलं तर ते सकाळपेक्षा जास्त भरलं, वडी पाणी प्यायली होती. मग रोज पहाटे, कुणी अंघोळीला जायच्या आत, ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू लागले.

बेदिंग बारला तिसऱ्याच दिवशी खालून लगदा सुटला, उचलताना बोट रुतायचं आणि डबीत दुधाळ पाणी साचायचं. ती ८ दिवसांत संपली. पारदर्शक वडी तर ६ दिवसांत गेली. ७६ टक्केवाली १६ दिवस पुरली, पार पातळ चकती झाली तरी मोडली नाही. दिवसाचा खर्च निघाला पावणेतीन रुपये, जवळजवळ अकरा आणि अडीच.

स्वस्त आणि चांगल्या वडीत फरक दिवसाला फक्त चार आण्यांचा. पण सासूबाई आपणहून म्हणाल्या, “अगं, या साबणानं पाय ओढल्यासारखे होत नाहीत गं.” माझ्यासाठी तिथंच निकाल लागला.

नंतर तोच साबण खाली जाळी असलेल्या डबीत ठेवून पाहिला. १६ दिवसांची वडी १९ दिवस गेली. डबी ३० रुपयांना पडली, अडीच महिन्यांत तिचे पैसे फिटतील.