सेल्युलर जेल सावकाश पाहा

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलच्या फाटकातून शिरतो तो थेट तिसरा मजला गाठतो. मीही तेच केलं. सावरकरांच्या कोठडीविषयी घरात लहानपणापासून ऐकलेलं. तिथे उभी राहिले आणि बोलताच येईना. पण सहलीच्या बसला घाई असते, हॅवलॉक बेटाची बोट गाठायची असते, आणि तासाभरात सगळे खाली उतरतात. मी मात्र मागे थांबले. गर्दी ओसरल्यावर हा तुरुंग कळायला लागला.

मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात तिमजली इमारती, बांधकाम 1896 ते 1906. हवा, ऊन, जागा यांचा हिशेब मांडतात तसा इथे एकटेपणाचा हिशेब मांडलाय. प्रत्येक इमारतीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीत कोण आहे ते कधी दिसणारच नाही. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, झरोका माथ्याच्याही वर. दाराची कडी तर दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात. मी गजांतून हात घालून खांद्यापर्यंत ताणून पाहिला, पोचला नाही. 1911 मध्ये तात्याराव सावरकर इथे आले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून आत होते. सख्खे भाऊ, एका तुरुंगात, आणि भेट नाही. कडीपाशी उभं राहिल्यावर ते खरं वाटतं.

अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, मांडलाय. माणसाला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढून घेत. त्याच्याशी उभं राहून हसत फोटो काढणारे पाहिले आणि मला फार वाईट वाटलं. मनोऱ्यात संगमरवरावर प्रांतवार नावं कोरलीत, ती वाचणारं कुणी नव्हतं. 1933 च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना महावीर सिंह, मोहन किशोर नामदास, मोहित मोइत्रा गेले. बंगालची नावं वाचता वाचता मान दुखून येते. आपण एका नावासाठी येतो हे बरोबरच, पण बाकीच्यांकडे पाठ फिरवून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत ते? काळं पाणी सेल्युलर जेलच्या कितीतरी आधी सुरू झालं. 1857 च्या उठावातले कैदी मार्च 1858 मध्ये इथे उतरवले गेले. जंगल त्यांनी तोडलं. समोरच्या रॉस बेटावर साहेबांचे बंगले, चर्च, नाचघर उभं राहिलं ते कैद्यांच्या कष्टांवर. आज त्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी विळखा घातलाय, हरणं फिरतात, आणि सगळं इतकं सुंदर दिसतं की ते कुणी बांधलं हा प्रश्नच पडत नाही. व्हायपर बेटावर फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अली या कैद्याला 1872 मध्ये तिथेच फाशी दिलं.

सातांपैकी तीन इमारती उरल्यात. पाडलेल्यांच्या जागी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. आमच्या गाडीचे चालक म्हणाले, माझी दोन्ही मुलं तिथलीच. त्यांचे पणजोबा कैदी होते; सुटल्यावर जमीन मिळाली, शिक्षा भोगणाऱ्याच एका बाईशी लग्न झालं. दोघं कुठल्या गावचे, कशासाठी पाठवले गेले, घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात हिंदुस्तानी बोलतात. वंडूरच्या वाटेवर त्यांनी गावांची नावं सांगितली, मन्नारघाट, कालिकत. 1921 च्या बंडानंतर आणलेल्या मोपल्यांनी, म्हणजे मलबारच्या मुसलमानांनी, आपली तिकडची गावं इथे पुन्हा वसवली.

किनाऱ्यांना जरूर जा, त्या निळ्या पाण्याचा मलाही मोह पडतो. फक्त जेलसाठी अख्खी सकाळ ठेवा, आणि मनोऱ्यातली नावं मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.