जुनं कॉमिक घेताना आधी पानं मोजा

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून रद्दीचे गठ्ठे निघतात. त्यात इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांमध्ये एखादा अमेरिकन सुपरहीरोचा अंक सापडला, तर मुखपृष्ठाला भुलू नका. आधी आतली पानं मोजा.

१९७०च्या सुमाराच्या नेहमीच्या अमेरिकन अंकात मुखपृष्ठ सोडून ३२ पानं असत. म्हणजे मधोमध दुमडलेले आठ ताव, दोन पिनांत अडकवलेले. अंक बरोबर मध्ये उघडा: डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ पत्रं हवीत (एक पत्र म्हणजे पुढची-मागची मिळून दोन पानं). आठ-सात भरली तर अर्धा ताव फाटून गेलाय. सात-सात भरली तर अख्खा ताव गहाळ आहे, आणि हेच फसवं, कारण अंक हातात अगदी नीटनेटका वाटतो. छापलेल्या पानक्रमांकांवर विसंबू नका. त्यात जाहिरातींची पानं बहुधा धरलेली नसतात.

खुनाचा आळ असलेल्या कथेत हे फार महत्त्वाचं. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ९० वा अंक घ्या, नोव्हेंबर १९७०, रेखाटन गिल केन यांचं. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसशी झुंज चालू असताना विटा कोसळतात आणि एका मुलाला वाचवताना निवृत्त पोलीस अधिकारी कॅप्टन स्टेसी त्याखाली सापडतो. मरताना तो स्पायडर-मॅनला ‘पीटर’ या त्याच्या गुपित असलेल्या खऱ्या नावाने हाक मारतो आणि आपल्या मुलीला, म्हणजे पीटरच्या प्रेयसीला, ग्वेनला सांभाळायला सांगतो. इकडे ग्वेन बापाच्या मृत्यूचा दोष स्पायडर-मॅनलाच देते, आणि पुढच्या अंकात सॅम बुलिट नावाचा माजी पोलीस त्याच आळावर निवडणूक लढवायला निघतो. पीटरसाठी ग्वेन आणि मेरी जेन यांच्यातल्या चुरशीपेक्षा हा पेच मला कितीतरी खोल वाटतो, आणि तो सगळा शेवटच्या पानांवर उभा आहे. बाहेरचा ताव गेला की सुरुवात आणि शेवट दोन्हीकडची पानं एकदम जातात.

ताव सुटतात ते गंजलेल्या पिनांमुळे. बडोद्याच्या पावसाळी दमटपणात लोखंड गंजतं, गंज कागद खातो आणि भोक मोठं होतं. पीन ओढू नका. मधल्या पानावर तिचे पाय बोथट पातीने उभे करा, मग कण्याच्या बाजूने हलकेच काढा. नवी पीन स्टेनलेस स्टीलची, जुन्याच भोकांतून. भोक फाटलं असेल तर जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी गव्हाच्या खळीने लावा. सेलोटेप कधीच नको, त्याचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पाडतो.